नावाला सावली

काम अर्ध्या तासाचं होतं. जालन्याहून आष्टीला जाताना वाटूरच्या अलीकडं ती मोठी वनस्पती बाग लागते. तिथं उतरायचं, अण्णांच्या झाडाची एक डहाळी घ्यायची आणि ऊन उतरायच्या आत घरी पोचायचं. दुसऱ्या दिवशी अण्णांचं वर्षश्राद्ध होतं. आईनं भागवतकाकांबरोबर एक डबा पाठवला होता, त्यात ओलं फडकं. डहाळी त्या फडक्यात गुंडाळायची, पानं सुकू द्यायची नाहीत, घरी नेऊन अण्णांच्या फोटोपाशी ठेवायची. बस, एवढंच.

शालू त्या सकाळीच जालन्याच्या स्टेशनवर उतरली होती. तीन वर्षांनी. एवढी वर्षं ती स्कॉटलंडात झाडं ओळखायला शिकत होती. पान, फूल, साल बघून झाडाचं नेमकं नाव सांगायचं, हाच तिचा विषय. अण्णा गेले तेव्हा परीक्षा तोंडावर होती, विमानाचं जमेना, आणि शेवटी आईच म्हणाली, आता येऊन काय करतीस. सगळं तिनं फोनच्या काचेत पाहिलं. महिन्याभरानं या बागेत अण्णांच्या नावाचं झाड लावलं तेही तिनं तिथंच पाहिलं. तेव्हा ती फोनमधून ओरडून सांगत होती, "अंजनच लावा! दुसरं काही नको!"

कारण अंजन हे अण्णांचं झाड. रामराव गुरुजी शाळेतल्या पोरांना रांगेनं हिंडवून झाडांची नावं पाठ करून घ्यायचे. चुकलं की म्हणायचे, "चुकीच्या नावानं हाक मारली तर ते ओ देईल का?" शालूला त्यांनी पहिल्यांदा ओळखायला शिकवलं ते अंजन. देठाला दोनच पानं, खाली जुळलेली, वर फाकलेली, बसलेल्या फुलपाखरासारखी.

आता ती कायमची परत आली होती. मराठवाड्यातल्या एकूण एक झाडाला त्याचं खरं नाव मिळवून द्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण त्या सगळ्याआधी तिला एका झाडाच्या खोडावर हात ठेवायचा होता. अण्णांच्या हाताला तिचा हात लागला नव्हता. निदान झाडाला तरी लागायला हवा होता.

"एसी न्हाई बरं का गाडीला," भागवतकाका म्हणाले. अण्णांचे हे धाकटे भाऊ. तोंडावळा तोच, खोकायची तऱ्हाही तीच, फक्त थट्टेची सवय ह्यांची स्वतःची. "तुमच्या बर्फातून आलेल्या मानसाला आमची फुकटची भट्टी."

"चालतंय, काका."

"चालतंय म्हनती अन् घामानं थबथबून राह्यली. जल्दी उरक. वैनी वाट बघून राह्यल्यात."

बागेसमोर एक रसवंती होती. काकांचे गुडघे धरलेले, त्यामुळं त्यांनी तिथल्या बाकड्यावरच बैठक मारली. "तू ये भेटून तुझ्या झाडाला. उशीर केलास तर हॉर्न वाजवीन."

तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डहाळी तोडायला अर्ज लागतो."

"देते अर्ज. कुणाकडं द्यायचा?"

"साहेबाकडं."

"साहेब कुठंयत?"

"जेवायला गेल्यात."

"कधी येतील?"

"जेवन झाल्यावर." त्यानं तिकीट फाडून दिलं. "आत जाऊन बघायला काय हरकत न्हाई. तोडायचं मात्र न्हाई."

आत गेल्यागेल्या एक भलामोठा नकाशा होता. स्मृतिवन उजव्या हाताला, कमळतळ्याच्या पलीकडं, असं त्यात दाखवलं होतं. शालू उजवीकडं गेली. तिथं तळं नव्हतं. तळ्याच्या जागी तारेचं कुंपण आणि कुंपणात वाळलेलं गवत. ती परत आली, दुसरी वाट धरली, ती एका काचघरापाशी संपली. काचघराच्या आत रिकाम्या कुंड्या उलट्या घालून ठेवलेल्या. हळूहळू तिच्या लक्षात आलं की नकाशा ठरवलेल्या बागेचा होता, झालेल्या बागेचा नव्हता.

आणि पाट्या! पहिल्याच वळणावर करंजाला 'शिसव' म्हटलेलं. पुढं शिरसाला 'बाभूळ'. एका झाडावर 'बेल' अशी पाटी होती आणि ते झाड चक्क कवठ होतं. शालूनं पहिल्या वीस-पंचवीस पाट्यांचे फोटो काढले, मग तिचा हात दुखायला लागला, मग डोकं. शेकडो एकर जमीन, लाखो रोपं, गावोगावच्या शाळांच्या सहली इथं येणार, आणि पोरं हीच नावं घोकून घरी जाणार. कुणाला काहीच कसं वाटत नाही? ती एकटीच पुटपुटत चालत होती. ऊन डोक्यावर आलेलं. बागेत चिटपाखरू नव्हतं. कुठंतरी ठिबकच्या नळीतून हवा सुटल्याचा बारीक आवाज येत होता, पाणी मात्र दिसत नव्हतं.

स्मृतिवन सापडलं ते बागेच्या पार मागच्या टोकाला. रांगेनं लावलेली झाडं, प्रत्येकाच्या खोडाला तारेनं बांधलेली पांढरी पत्र्याची पाटी, तीवर हिरव्या रंगात नाव. शालू एकेक पाटी वाचत गेली. चौथ्या रांगेत ती थांबली.

*कै. रामराव गुरुजी, आष्टी. वृक्ष : अंजन.*

तिनं हात पुढं केला आणि तसाच हवेत राहू दिला.

ते अंजन नव्हतं. ती सुबाभूळ होती. परदेशातून आलेली, उकिरड्यावरही आपोआप उगवणारी, चपट्या कोरड्या शेंगा खुळखुळवत उभी असलेली सुबाभूळ. शालूनं पाटी पुन्हा वाचली. पान तोडून बघितलं. बघायची गरज नव्हती, तरी बघितलं.

"कुनाची ग तू?"

मागं एक बाई उभी होती. पन्नाशीची, डोक्याला रुमाल बांधलेला, कमरेला पक्कड खोचलेली, एका हातात तारेचं वेटोळं आणि दुसऱ्या हातात मातीनं भरलेला तेलाचा डबा.

"रामराव गुरुजींची मुलगी. आष्टीची."

"आगं बाई! मंग तूच ती फोनातली!" बाईनं डबा खाली ठेवला. "म्या बेबीनंदा. खड्डा म्याच केल्ता. तू फोनातून वरडत व्हतीस ना, मुळाची माती झटकू नका म्हनून? न्हाई झटकली बरं का."

"मग कुठंय ते झाड?"

"गेलं." बेबीनंदानं नजर खाली घेतली. "पाऊस लांबला, टँकर आला न्हाई. महिन्यात वाळलं. म्या माझ्या पिन्याच्या पान्यातलं पानी घातलं त्याला, खोटं सांगत न्हाई. पर गेलं."

"आणि पाटी इथं कुणी लावली?"

"म्याच. झाड मेलं की पाटी शेजारच्या जित्या झाडाला बांधायची. हितं तशीच रीत हे. साहेबाला वाटतं तपासनीसाठी करती म्या. तसं न्हाई ते."

"अहो, पण हे अंजन नाही! खाली अंजन लिहिलंय आणि वर सुबाभूळ आहे! माझ्या आईला कळलं तर..."

"तुझ्या आईला म्हाईत हे की." बेबीनंदा साधेपणानं म्हणाली. "चतुराबाई दर महिन्याला येत्यात. ह्याच झाडाला पानी घालत्यात. इथं बसून बोलत्यात बी."

शालूच्या कानांत काहीतरी गरम शिरल्यासारखं झालं. आईला माहीत होतं. काकांनाही असणार. सगळ्यांना चालत होतं. हजारो मैलांवर तिनं वर्षभर डोळे मिटून ज्या झाडावर हात ठेवला, ते झाड नव्हतंच. आणि त्याबद्दल तिला एका शब्दानं सांगावं असंही कुणाला वाटलं नव्हतं. ती पाटीची तार उलगडायला लागली. तार बोटात घुसली, रक्त आलं, तरी थांबली नाही.

"काय करून राह्यली तू?"

"काढतेय. खोटं आहे हे. आयुष्यभर खरी नावं शिकवणाऱ्या माणसाच्या नावाखाली खोटं लिहून ठेवलंय तुम्ही."

"काढ बाई. तुझ्या बापाचं नाव, तुझा हक्क हे. पर हातात घिऊन हिंडू नको." बेबीनंदाचा आवाज एकदम उतरला. तिनं तो डबा पुढं सरकवला. माती ओली होती. "ह्याच्यात ठिव. उपडी ठिव. दुसरं झाड बघूस्तोवर म्या ह्याच्यातच ठेवती पाट्या."

"का?"

"नावाला सावली लागती."

"म्हणजे?"

"झाडाची न्हाई मिळाली, तर मंग..." बाईनं इकडंतिकडं पाहिलं. "मंग ते आपली आपुन करतं."

शालूला हसूही आलं नाही. एक झाड जगवता येत नाही, एक नाव बरोबर लिहिता येत नाही, आणि वर ह्या गोष्टी. तिनं पाटी छातीशी धरली आणि चालायला लागली. साहेबाच्या टेबलावर ही पाटी आपटायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मागून बेबीनंदानं एकदाच हाक मारली. "पोरी, उभी राहू नको कुठं... चालत राहा..."

पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. डोक्यावरचा चटका कमी झाला होता. ढग आला असेल, म्हणून तिनं वर पाहिलं. आभाळ पांढरंफटक होतं, सूर्य ऐन माथ्यावर, ढगाचा ठिपका नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंची झाडं लांब होती आणि त्यांच्या सावल्या त्यांच्याच बुडाशी गोळा झालेल्या.

तिनं खाली पाहिलं. ती सावलीतून चालत होती.

गोल, दाट, एखाद्या जुन्या झाडाखाली पडावी तशी सावली. लाल मुरमाच्या वाटेवर, तिच्या पावलांभोवती. ती दोन पावलं पुढं गेली, सावली दोन पावलं पुढं आली. मागं ऊन पुन्हा जसंच्या तसं पडलं.

शालू शिकलेली मुलगी होती. प्रवासाचा शीण, उपाशी पोट, उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी येणं, ही सगळी कारणं तिनं मनात ओळीनं मांडली. मग तिनं ती सावली नीट न्याहाळली, आणि इथंच तिचं शिक्षण तिच्यावर उलटलं. कारण सावलीत पानं होती. मुरमावर ती एकेक वेगळी दिसत होती, वारा नसताना हलत होती. देठाला दोनच. खाली जुळलेली, वर फाकलेली. आपट्याचं पान एकच असतं, मधोमध चिरल्यासारखं. हे तसं नव्हतं. ही दोन निरनिराळी पानं होती. चुकायला जागाच नव्हती. अंजन. आणि तेही गुडघ्याएवढं वाळून गेलेलं रोप नाही. साठ-सत्तर वर्षं उभं असलेलं, भरगच्च अंजन.

तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

ती भरभर चालू लागली. वाट काचघरापाशी आली. ती वळली, दुसरी वाट धरली. पुन्हा काचघर. काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं, पाटी छातीशी धरलेलं, चेहऱ्यावर सगळीकडं काळी जुळी पानं.  तिचा चेहरा हलला नाही, तरी पानं हलली.

आता वास यायला लागला होता. आधी ओल्या मातीचा. मग त्याच्या आतून दुसरा, अगदी मंद; खडूच्या भुकटीचा आणि काताचा. अण्णांच्या सदऱ्याचा. शाळेतून आल्यावर ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवायची तेव्हाचा.

शालू थांबली. थांबायचं नव्हतं, पण थांबली.

"अण्णा...?"

बाहेर ऊन रणरणत होतं. आत गारवा होता. सावलीची कड आत सरकली, तिच्या जवळ आली, कुणी पांघरूण लपेटून घ्यावं तशी. तिला रडू आलं. वर्षभर जे कुठंच मिळालं नव्हतं ते इथं एवढंसं, हाताच्या अंतरावर होतं. डोळे मिटून असंच उभं राहावं. घाई कसली आहे? आई वाट बघेल, बघू दे. दुपार जाईल, रात्र जाईल, पाऊस येईल. पाऊस आला तर बरंच...

पाऊस आला तर मुळं धरतील.

हा विचार आपला नाही, हे तिला कळलं तेव्हा तिनं पाय उचलून पाहिला. उचलला गेला नाही. मुरमाची ती वाट रोलर फिरवून दगडासारखी कडक केलेली होती, आणि तिची चप्पल तीत अंगठ्यापर्यंत रुतली होती. माती मऊ होती, गार होती आणि घोट्याकडं चढत होती.

"अण्णा, सोडा..." ती कुजबुजली. "सोडा ना मला... मी आलेय ना..."

सावली आणखी दाट झाली. त्या सावलीला राग नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं. सोडायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं.

लांबून हॉर्न ऐकू आला. भागवतकाकांचा, चिरका, बैलगाडीलाही लाज वाटेल असा. त्या आवाजासरशी शालूनं जीव खाऊन पाय ओढला. एक चप्पल तिथंच राहिली. ती अनवाणी पळाली, कुठं ते न बघता, आणि कुंपणाच्या आतल्या अंगाला एका झाडाला जवळजवळ धडकलीच.

करडं, उंच, तडकलेल्या सालीचं. बाग व्हायच्या आधीपासून इथं उभं असलेलं. बुलडोझरच्या तावडीतून कसंबसं सुटलेलं. तिनं वर पाहिलं. जुळी पानं, आणि ह्या वेळेस खरीखुरी, हिरवी.

अंजन!

त्याच्या खोडावर पाटी होती. *कै. सुरजमलजी, मस्तगड, जालना. वृक्ष : पळस.*

काय हा कारभार! अंजनाचं नाव सुबाभळीवर, आणि अंजनावर पळस. भीतीच्या तळाशी तिचा संताप अजून शाबूत होता आणि तोच तिच्या हातांत उतरला. तिनं ती तार सोडली. सुरजमलजींची पाटी काढली, अण्णांची चढवली, तार दोनदा पिळली. आता बरोबर होतं. वृक्ष : अंजन. ह्या सगळ्या बागेत एका तरी झाडावर खरं नाव लागलं होतं.

डोक्यावर चटका बसला. सावली नव्हती. झाडाखाली झाडाची सावली तेवढी होती, बारकी, दुपारची.

शालूनं दोन्ही हात खोडावर टेकले. एवढ्यासाठी ती आली होती. साल तापलेली होती, खरखरीत होती. मुंग्यांची एक ओळ तिच्या बोटांना वळसा घालून वर गेली. ती थांबली, वाट पाहिली. वास नव्हता. काहीच नव्हतं. ते फक्त एक झाड होतं, बरोबर नाव असलेलं.

तिनं अर्जाची पर्वा न करता एक डहाळी मोडली.

राहिली ती दुसरी पाटी. पळस आसपास कुठंच दिसत नव्हता. बेबीनंदा पार तिकडच्या टोकाला, तिचा डबाही तिकडंच. पुन्हा त्या वाटेनं जायचं नाही, एवढं शालूनं ठरवून टाकलं. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. जवळ सिमेंटचा बाक होता. तिनं पाटी त्यावर ठेवली. उताणी. बाई रोज फेरी मारते, बघेल, लावेल. तिचं कामच आहे ते. सुरजमलजी कोण हे शालूला माहीत नव्हतं. त्यांचा पळस कधी मेला हेही नाही.

ह्या वेळेस फाटक दोन मिनिटांत आलं.

गाडीत काका नव्हते. रसवाल्यानं सांगितलं, आताच आत गेले तुम्हाला शोधायला. ती गाडीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं काका लंगडत बाहेर आले, हातात तिची चप्पल. दुसऱ्या हातातलं काहीतरी त्यांनी बोलता बोलताच मागच्या सीटवर टाकलं.

"तीनदा हॉर्न दिला. बहिरी हेस का काय? अन् ही चप्पल काय कुनी पेरली व्हती का? उपटून काढावी लागली मला!" मग तिचा चेहरा पाहून ते निवळले. "काय झालं पोरी? कळलं का तुला... झाडाचं?"

"तुम्हाला माहीत होतं."

"व्हतं." काकांनी गाडी सुरू केली. "वैनी म्हनल्या, पोरीला सांगू नका, एकटी हे तिकडं. चूक झाली म्हन. माफ कर."

शालूनं डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून डबा मांडीवर धरला. काचा खाली होत्या, गरम वारा तोंडावर येत होता आणि तो तिला हवासा वाटत होता. सगळं संपलं होतं. घरी जाऊन आईशी भांडायचं होतं, मग तिच्या कुशीत झोपायचं होतं.

वाटूर मागं पडलं. रस्ता नवा, रुंद, सिमेंटचा. तो करताना दोन्ही बाजूंची झाडं तोडलेली. नजर पोचेल तिथवर आडोशाला एक काडी नव्हती.

"आता कसं बरं वाटून राह्यलं," काका म्हणाले. "सकाळपासून नुसतं भाजत व्हतं. आता गार लागायलंय."

"गार?"

"तुला न्हाई लागत? मला तर काटा येऊन राह्यला बघ." त्यांनी हात पुढं केला. हातावरचे केस उभे होते.

शालूनं हाताकडं पाहिलं, मग वर. काकांचा पांढरा सदरा उन्हात नव्हता. खांद्यावर, छातीवर, स्टेअरिंग धरलेल्या मनगटांवर सावली हलत होती. पानं मोठी होती, गोलसर. एका देठाला तीन. दोन बाजूंना, एक पुढं.

"काका..." ती त्या तीन पानांकडं बघतच म्हणाली. "तुम्ही बागेतून आणखी काही आणलं का?"

"आनलं की. तुझी ती पाटी. बाकावर टाकून आल्तीस, वेंधळी. म्हनलं गुरुजींचं नाव असंल, उन्हात कशाला ठिवायचं. मागं ठिवली हे सीटवर. न्हाई वाचली मी, चष्मा कुठंय माझा?"

गाडीत ओल्या मातीचा वास भरला होता. आणि त्याच्या आत दुसरा, अत्तराचा. तिच्या ओळखीच्या कुणाचाही नाही.

"काका, गाडी थांबवा."

"आता इथं? भर रस्त्यात?"

"थांबवा. आत्ताच्या आत्ता."

"थांबवतो की ग..." काका हसले. मग हसू थांबलं. त्यांनी खाली ॲक्सिलरेटरवरच्या आपल्या पायाकडं पाहिलं, जरा नवलानं, दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसं.

"शालू," ते हळू आवाजात म्हणाले, "माझा पाय उचलंना."

समोरचा रस्ता सरळ होता, पांढराशुभ्र, आणि तो आता फार वेगानं जवळ येत होता.